अवयवांचे वकील

डॉक्टरसाहेबांच्या कचेरीत हातोडा होता, पण रबरी. गुडघ्यावर मारून पायाचा झटका बघतात ना, ती इवलीशी हातोडी. साहेब ती टेबलावर आपटायचे, आवाज काही व्हायचा नाही, मग ते चष्म्यावरून माझ्याकडं बघायचे. की मी ओरडायचं, "शांत बसा! सुनावणी सुरू झाली!" एकवीस वर्षं मी त्यांचा कंपाउंडर होतो, आणि त्या हातोडीचा आवाजही मीच होतो. एरवी जिथं तोंड उघडायला पाहिजे होतं तिथं मी ते उघडलं नाही. साहेब जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर तेही लिहावं लागणार, म्हणून इतके दिवस लिहीत नव्हतो.

पाटोद्याच्या अलीकडं आमचं बाजारगाव. आठवड्यातले सहा दिवस साहेब चारचौघांसारखे डॉक्टर असायचे. ताप, जुलाब, बीपी, विंचू. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, खुंटीवरचा काळा कोट त्यांच्या अंगात जायचा आणि दवाखान्याची कचेरी व्हायची. मे महिन्यातसुद्धा कोट. वर पत्रा तापलेला. पेशंटचा ताप उतरायचा आणि साहेबांचा चढायचा, पण कोट निघायचा नाही.

त्यांचे वडील निजामाच्या काळात मुन्सफाच्या, म्हणजे खालच्या न्यायाधीशाच्या, कोर्टात पेशकार होते. साहेब सांगायचे, "बाकीची लेकरं अंगाई ऐकत झोपली, मी फैसले ऐकत झोपलो." त्यातून त्यांच्या डोक्यात एकच कायदा घट्ट बसला होता. गुन्हा शाबीत झाल्याबिगर कुणाला सजा नाही. मग तो माणूस असो नाहीतर टॉन्सिल.

तर कुणाला कुठल्या डॉक्टरनं, शेजारणीनं किंवा सासूनं 'हे काढून टाका' म्हणून सांगितलेलं असलं की त्याची सुनावणी बेस्तरवारी. ज्याच्या अंगातला अवयव, तो मालक. 'काढा' म्हणणारा, तो फिर्यादी. आणि अवयव हा मुलजिम, म्हणजे आरोपी. "मुलजिमाला तोंड न्हाई," साहेब म्हणायचे, "म्हनून त्याचं वकीलपत्र माझ्याकडं." निकालही तेच द्यायचे. एकदा एका मास्तरांनी विचारलं, "साहेब, वकीलबी तुमीच आन मुन्सफबी तुमीच, हे कायद्यात बसतं का?"

"तुमच्या पोटात दुसरं कुनी बसलंय का वकिली करायला?" साहेब म्हणाले. "असंल तर बोलवा, मी उतरतो खाली."

गावानं त्यांचं नाव मुन्सफ डॉक्टर पाडलं होतं.

साक्षीदाराची शपथही वेगळी होती. छातीवर हात ठेवून नाही, छातीवर साहेबांचा स्टेथोस्कोप ठेवून. दुसरी टोकं साहेबांच्या कानात. "खोटं बोललं की ठोका लंगडतो," असं त्यांचं म्हणणं. खरंच लंगडतो का, मला माहीत नाही. पण ती गार चकती छातीला लागली की भले भले खरं बोलायचे. मी मात्र त्या चकतीपासून लांब राहिलो. खोकला झाला तरी मनानंच औषध घ्यायचो.

भिंतीवर नियम रंगवून घेतले होते. एक : मालकाला विचारल्याशिवाय मुलजिमाला हात लावायचा नाही. दोन : दाबून घेतलेली साक्ष चालणार नाही. रंगवणारा पेंटर निवडणुकीचे फलक करणारा होता, तो सवयीनं खाली 'आपला नम्र' लिहून गेला. साहेब म्हणाले, राहू दे, नियमानं नम्रच असावं.

आमच्या भागातले एक पुढारी एकदा दोन जीप घेऊन आले. हातात जाडजूड फाइल. कुठंतरी जाऊन डोक्यापासून तळपायापर्यंत सगळ्या तपासण्या करून आलेले.

"मुलजिम कोन?" साहेबांनी विचारलं.

"पित्ताशय. खडे निघालेत. लई निघालेत. मोठा डॉक्टर म्हनला, काढून टाका."

"कधी पोटात कळ आलती?"

"न्हाई."

"उलटी? ताप? तळलेलं खाल्ल्यावर पाठीत दुखलं?"

"न्हाई बा. परवाच एका लग्नात भज्यांचं ताट संपवलं."

"मग यानं दंगा काय केला?"

"आवं, पन खडे हायती ना!"

हातोडी आपटली. मी ओरडलो. साहेब उभे राहिले. "दगड बाळगणं गुन्हा न्हाई. दगड फेकणं गुन्हा हाय. तुमच्या निम्म्या कार्यकर्त्यांच्या गाडीत दगड हायती, काढलं का त्यांना तुमी?"

कार्यकर्ते हसले, मग पुढाऱ्यांचं तोंड बघून खोकले. निकाल झाला, 'निर्दोष, नजर ठेवा, फेकाफेक सुरू झाली की लगेच या.' पुढारी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "काहीतरी निघायला पायजे होतं हो. आमच्या विरोधकाचं मुंबईत काढलंय."

साहेब ऑपरेशनच्या विरोधात होते असं मात्र कुणी समजू नये. जीपचा एक ड्रायव्हर दुखण्यानं वाकडा झालेला आणला, तेव्हा पोटाला नुसता हात लावून साहेब म्हणाले, "अपेंडिक्स. फाशी. आत्ताच्या आत्ता." स्वतःच्या गाडीत घालून त्याला बीडला नेलं. घाईत कोट काढायचा राहिला. तिथल्या वॉचमननं त्यांना दारात अडवलं, "वकीलसाहेब, कोर्ट पलीकडं हाय. हा दवाखाना हाय." ड्रायव्हर वाचला.

पण सगळ्यात जास्त खटले यायचे पिशवीचे. आमच्याकडं गर्भाशयाला पिशवी म्हणतात. दसरा झाला, ऊसतोडीला जायचे दिवस आले की बाया यायच्या. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, काढून टाका. कुणाला सव्विसावं, कुणाला तिसावं. एका वर्षी एक मुकादम, म्हणजे टोळी नेणारा माणूस, तिघींना जीपमधून घेऊन आला.

"फिर्यादी कोन?" साहेब.

"मीच की."

"पिशवी तुमची हाय का?"

"माझी कशी असंल साहेब?"

"मग शेजाऱ्याचं घर पाडायला तुमी कावून अर्ज देताय?"

मुकादम म्हणाला, "आवं, तोड चालू झाली की यांचं दुखनं चालू व्हतं. एकदाचा निकाल लागला म्हंजे बरं."

साहेबांनी त्याला बाहेर बसवलं आणि पडद्याआड एकेकीचं म्हणणं ऐकलं. पडद्याच्या अलीकडं मी असायचो, सगळं ऐकू यायचं. दोघी बोलल्याच नाहीत. तिसरी म्हणाली, "साहेब, फडावर आडोसा न्हाई. कापड धुवायला पानी न्हाई, वाळवायला जागा न्हाई. ओलंच घ्यावं लागतं. पिशवी गेली तर ही कटकट तरी जाईल."

साहेब बाहेर आले. निकाल असा होता, 'मुलजिम निर्दोष. खरा गुन्हेगार आडोसा, तो फरार आहे, त्याला हाजिर करा.' बायांना गोळ्यांचा कोर्स दिला, आणि मुकादमाला कागद, की फडावर चार बांबू रोवून आडोसा करावा, पाण्याची टाकी ठेवावी, नाहीतर हुकूम मोडल्याचं समजलं जाईल. खाली शिक्का मारला. तो शिक्का 'रक्तगट तपासला' असा होता, दवाखान्यात दुसरा नव्हता. मुकादमाला वाचता येत नव्हतं, पण शिक्का कळत होता. पुढल्या साली ती बाई सांगायला आली, आडोसा झाला म्हणून. मुकादमानं त्याच्यावर पाटीसुद्धा लावली होती, 'कोर्टाच्या आदेशानं'.

एक निकाल चुकला. कपिलधारच्या बाजूची एक बाई होती. अधूनमधून रक्ताचा डाग जातो म्हणायची. साहेबांनी तपासलं, औषध दिलं, सोडून दिलं आणि तीन महिन्यांनी परत ये म्हणाले. ती ऊसतोडीला गेली आणि वर्षानं आली. तोवर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पसरला होता. ती गेली त्याच्या पुढल्या बेस्तरवारी साहेबांनी कोट घातला नाही. पेशंटच्या बाकावर जाऊन बसले आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. "आज मुलजिम मी हाय. इचार."

मी म्हणालो, "साहेब, च्या घेता का?"

त्यांनी स्वतःच वहीत लिहिलं, 'मुन्सफ चुकला.' मग पेंटरला बोलावून तिसरा नियम रंगवून घेतला : निकाल चुकू शकतो, म्हणून मुद्देमाल जपून ठेवावा. तो नियम हिरव्या रंगात आहे, त्या दिवशी पेंटरकडं निळा नव्हता. त्यानंतर साहेब त्या वयात कुठंतरी जाऊन व्हिनेगरची तपासणी शिकून आले. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगर लावायचं, बिघडलेली जागा पांढरी पडते, वेळेत कळतं. आमच्या गावात चायनीजचा गाडा यायच्या आधी व्हिनेगर आमच्या दवाखान्यात आलं. मी आजही गाड्यावरून जाताना मान खाली घालतो.

मुद्देमालाचं कपाट काचेचं होतं, किल्ली साहेबांकडंच असायची. त्यात मुतखडे, एकानं गिळलेलं आणि सुखरूप परत आलेलं नाणं, मास्तरांची दाढ. सगळ्यांना चिठ्ठ्या. आणि कचेरी उठायच्या आधी साहेब नेहमी मोठ्यानं विचारायचे, "कुनाचं काही म्हननं ऱ्हायलंय का?" आधी आधी बाकं भरलेली असताना विचारायचे. पुढं पुढं सगळे गेल्यावर, रिकाम्या बाकांना विचारायला लागले. मी एकटा असायचो, शटर ओढायला. म्हटलं, वय झालं. मी म्हणायचो, "न्हाई साहेब."

आता माझं.

मीरा माझी मंडळी. तलवाड्याची, सातवी शिकलेली. दोन लेकरं झाली होती. ती अठ्ठावीस वर्षांची असताना तिला पांढरं जायला लागलं, कंबर धरायला लागली. ती रोज म्हणायची, "साहेबांना इचारा ना. ते सांगतील ते करू." आमच्या आळीतल्या तिघींच्या आणि माझ्या वहिनीच्या पिशव्या तोवर निघालेल्या होत्या. मीरा म्हणायची, "त्या गेल्या तशी मी न्हाई जायची. मुन्सफानं सांगितलं तरच."

मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मला बाकावर फिर्यादी म्हणून बसावं लागलं असतं, छातीला चकती. साहेबांनी एकांतात ऐकलं असतं, हे मला कळत होतं. पण रोज दुसऱ्यांच्या बायकांचं दुखणं पडद्याअलीकडून ऐकणाऱ्या माणसाला आपल्या बायकोचं दुखणं त्या पडद्याआड नेववत नव्हतं. दुसरं असं, की ती कपिलधारची बाई माझ्या डोक्यातून जात नव्हती. साहेब चुकतात हे मी पाहिलं होतं.

मी मीराला मोठ्या गावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि सांगितलं, "सूज आहे. ठेवली तर कॅन्सर होईल." हे वाक्य साहेबांनी माझ्यासमोर किती वेळा फोडून काढलं असेल! "'होईल' हा गुन्हा न्हाई, भविष्य हाय. भविष्य सांगायला बाजारात पोपटवाला बसतो." मला सगळं पाठ होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी कामावरून घरी आलो, आणि मीरानं दारातच विचारलं, "साहेबांच्या कानावर घातलं का? काय म्हनले?"

मी म्हणालो, "साहेब म्हनले, काढा."

तिनं एकही प्रश्न विचारला नाही. "मग काय बघायचं," म्हणाली आणि पिशवीत लुगडं भरायला लागली.

पिशवी काढली. सोबत दोन्ही अंडाशयंही काढली, 'ठेवून काय उपयोग' म्हणून. ते मला नंतर कळलं. नर्सनं माझ्या हातात झाकणाची प्लॅस्टिकची बरणी दिली, वर मीराचं नाव, आत औषधाच्या पाण्यात, फॉर्मालिनमध्ये, काढलेलं सगळं. "बीडच्या लॅबला तपासायला द्या. काय आजार होता ते रिपोर्टात येईल." मी बरणी कापडी पिशवीत घालून एसटीत बसलो, मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, "काय हाय ते? सांडंल की."

मी म्हणालो, "लोनचं."

बीड आलं. लॅब स्टँडच्या जवळच होती. मी गाडीतून उतरलो, लॅबच्या पायऱ्यांपर्यंत गेलो, आणि परत फिरलो. रिपोर्टात काही निघालं असतं तर मी सुटलो असतो. पण नसतं निघालं तर? बरणी फेकवेना, पुरवेना, घरी नेववेना. मी ती दवाखान्याच्या माळ्यावर सलाईनच्या खोक्यांमागं ठेवली आणि त्या कोपऱ्याकडं परत कधी बघितलं नाही. साहेबांना सांगून ठेवलेलं होतं की सासुरवाडीला चाललोय.

मीरा उठून कामाला लागली, पण वर्षाच्या आत तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. थंडीत पदरानं वारा घ्यायची. झोप उडाली. बत्तिसाव्या वर्षी खाली बसली की भिंत धरल्याशिवाय उठता येईना. पूर्वी ती साहेबांसाठी शेंगदाण्याचा ठेचा पाठवायची, तो बंद झाला. बाजारात साहेब दिसले की ती रस्ता बदलायची. साहेबांनी मला विचारलं, "तुझी मंडळी रुसली का रे?"

"न्हाई साहेब. तिचा सोभावच तसा हाय."

आणि मग एका बेस्तरवारी, कचेरी भरलेली असताना, मीरा दारात येऊन उभी राहिली. साहेब एका साक्षीदाराचे ठोके ऐकत होते.

"साहेब, एक इचारू का?"

"इचार माय."

"सगळ्या गावाच्या पिशव्या सोडवल्या तुमी. मग माझीच कावून काढायला लावली?"

मला ओरडावं लागलं नाही. सगळं आपोआप शांत झालं. साहेबांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चकती अजून त्या परक्या माणसाच्या छातीवर होती, पण मला वाटलं त्यांच्या कानात माझाच ठोका वाजतोय. माझ्या हातात कापसाचा गुंडाळा होता. मी त्यातून कापूस तोडायला लागलो. तोडत राहिलो.

साहेबांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. कोट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. मग हात जोडले. "चूक झाली, माय."

"चूक?" मीरा म्हणाली. "तुमची चूक व्हती आन मी हितं जिती जळतीय." आणि गेली.

त्या दिवशी कचेरी उठल्यावर साहेबांनी रिकाम्या बाकांना विचारलं, "कुनाचं काही म्हननं ऱ्हायलंय का?"

मी म्हणालो, "न्हाई साहेब."

पुढं जिल्ह्यातल्या पिशव्यांचा बोभाटा झाला. कॅमेरे आले, समित्या आल्या. आता सरकारी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पिशवी काढता येत नाही म्हणतात. ही बातमी मी साहेबांना वाचून दाखवली तर म्हणाले, "म्हंजे आपली कचेरी जिल्ह्याला गेली. बरं झालं. मला कोट लई गरम व्हतो." पण कोट काही सुटला नाही. शेवटी त्यांच्या स्वतःच्या प्रोस्टेटवर खटला आला, तेव्हा कोट घालूनच ते सर्जनसमोर बसले, उलटतपासणी घेतली आणि हरले. "पहिल्यांदाच समोरचा वकील शिकलेला निघाला," असं मला कौतुकानं सांगत होते. त्या ऑपरेशनातून बरे झाले. दोन वर्षांनी दुपारच्या झोपेत गेले.

त्यांची पुतणी लातूरहून आवराआवर करायला आली. म्हणाली, "काका, या कपाटातलं तुम्हालाच कळेल. बघा काय ठेवायचं." सगळ्यात खालच्या फळीवर, मुतखड्यांच्या मागं, माझी बरणी होती. चिठ्ठी साहेबांच्या अक्षरातली. शेजारी एक जाड वही.

पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'मुलजिम : पिशवी. मालकीण : कंपाउंडरची मंडळी. फिर्यादी : कंपाउंडर. मुद्देमाल माळ्यावर सलाईन शोधताना सापडला.' खाली तारीख होती. मी बरणी ठेवल्यानंतर दोन महिन्यांची.

मग बेस्तरवार. एकामागून एक, पानंच्या पानं, चौदा वर्षांचे. 'मुलजिम हाजिर. फिर्यादी गैरहाजिर. पुढील तारीख.' 'मुलजिम हाजिर. फिर्यादी गैरहाजिर. पुढील तारीख.' मधूनच, 'फॉर्मालिन बदललं.' एके ठिकाणी, 'तपासायला पाठवता येईल. पण मालकिणीला विचारलेलं नाही. नियम एक.' आणखी एका ठिकाणी, 'फिर्यादीच्या छातीला चकती लावावी काय? नको. नियम दोन.' आणि त्या दिवशीच्या पानावर, ज्या दिवशी मीरा आली होती : 'मालकिणीनं भर कचेरीत विचारलं. फिर्यादी समोर उभा होता. तरी गैरहाजिर.'

शेवटच्या पानांवर अक्षर हललेलं आहे, पण तारीख एकही चुकलेली नाही.

मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मीरा ओट्यावर मेथी निवडत होती. मी वही तिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं. एकदम, खाली मान घालून, न थांबता. ती मेथी निवडतच राहिली. थोड्या वेळानं मला दिसलं, की ती पानं काड्यांत टाकतीय आणि काड्या पानांत.

"म्हंजे साहेबांनी म्हनलंच नव्हतं?"

"न्हाई."

"आन मी त्या मानसाला चारचौघांत..."

"हो."

"आन तुमी थितंच होता."

"हो."

"हातात काय होतं तुमच्या?"

"कापूस."

"कापूस," ती म्हणाली. मेथी बाजूला सारली. मग, "कुठं हाय ती?"

मी बरणी आणली. तिनं ती उजेडाला धरली. "येवढीशीच?" म्हणाली. आणि मग, "द्या तपासायला. मीबी येते."

एसटीत बरणी तिच्या मांडीवर होती. कंडक्टर वाकून म्हणाला, "मावशी, काय हाय ते? सांडंल की."

"न्हाई सांडायचं. माझं हाय."

लॅबवाल्यानं किती वर्षांपूर्वीचं ते ऐकलं, बरणी फिरवून बघितली आणि म्हणाला, जपलंय मात्र कुणीतरी नीट, होईल तपासणी. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. मी वाचला आणि सांगितलं, कॅन्सर नाही, गाठ नाही, कसलाच मोठा आजार नाही. थोडी सूज, गोळ्यांनी जाण्यासारखी.

"म्हंजे ती सुटली," मीरा म्हणाली.

"सुटली."

"ती सुटली. तुमचं ऱ्हायलंय." तिनं रिपोर्टाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. "बेस्तरवारी मी कामं उरकून बसते. पहिल्यापासून सांगायचं. ऱ्हायलं काही, तर पुढल्या बेस्तरवारी."

मला वाटलं रागानं बोलली असेल. पण पुढल्या बेस्तरवारी ती खरंच येऊन बसली. मी सांगितलं. ती म्हणाली, "लॅबच्या पायरीपतोर गेलता ते मागं सांगितलं नव्हतं." त्याच्या पुढल्या वेळी, "ठेचा बंद झाल्यावर साहेब काय म्हनले ते न्हाई सांगितलं." दर वेळी काहीतरी निघतं. गेल्या वेळी म्हणाली, "तोंडी साक्ष लई झाली. लिहून आना."

म्हणून हे लिहिलं. साहेबांच्या पुतणीनं कोट नेला, खुर्ची नेली. हातोडी मी मागून घेतली होती, ती आता मीरापाशी असते. आज बेस्तरवार आहे. ती भिंत धरून उठली, हात पुसले, ओट्यावर येऊन बसली. मी कागद घेऊन समोर उभा आहे. ती हातोडी पाटावर आपटते, आवाज काही होत नाही, आणि मग ती माझ्याकडं बघते.